उपाशी माशाचं रक्त

१० जुलै

आज मत्स्य शेतकरी दिन. १९५७ साली याच तारखेला ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना साठवलेल्या पाण्यात अंडी घालायला लावली. त्याआधी मत्स्यबीज म्हणजे नदीच्या पुरात जाळी लावून हाती लागेल ते. त्यात रोहू-कटला किती आणि त्यांनाच खाणारे मासे किती, हे तळ्यात सोडून महिना-दोन महिने झाल्यावर कळायचं.

भाषणं आटोपल्यावर मच्छीमार संस्थेच्या पोरांना ग्रंथी काढून दाखवली. हल्ली हॅचरीत तयार इंजेक्शनची बाटली येते, त्यामुळे हाताने ग्रंथी काढणारी माणसं कमी होत चालली आहेत. साकोलीच्या बाजारातून रोहूचं ताजं डोकं आणलं होतं. कवटीचा वरचा भाग तिरका कापला, चरबी कापसाने टिपून घेतली, मेंदू अलगद उचलला. ग्रंथी बहुधा मेंदूबरोबर येत नाही, कवटीच्या तळाशी खळग्यात पातळ पडद्याखाली राहून जाते. पांढरट, मोहरीच्या दाण्यासारखी. पडदा बाजूला सारून ती चिमट्याने काढायची, फुटू द्यायची नाही, आणि लगेच शुद्ध अल्कोहोलमध्ये टाकायची.

एकाने विचारलं, एवढ्याशा गोळ्यातून अंडी घालायचा हुकूम निघतो? निघतो, आणि तेवढाच निघत नाही. त्याच गोळ्यातल्या वेगळ्या पेशी वाढीचं संप्रेरक बनवतात. यंदा माझं लक्ष त्या पेशींवर आहे. संस्थेने जे करायचं ठरवलंय त्याचं यश-अपयश बरंचसं त्यांच्या हाती आहे.

१८ जुलै

मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, अजून निम्माही भरलेला नाही. गोंड राजवटीच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव मुळात धानासाठी. मासा त्यांत नंतर आला, आणि पाण्यावरचा पहिला हक्क आजही धानाचाच, तो तसाच असावा. पण त्यामुळे मासेमारी करणाऱ्या ढीवरांच्या वाट्याला येणारा काळ आखूड होतो. ऑगस्टमध्ये बीज सोडायचं, आणि उन्हाळा लागेपर्यंत पाणी तळाला जातं. तेवढ्या महिन्यांत नखाएवढं बीज बाजारात न्यावं असा मासा होत नाही. अर्धं बीज तर पहिल्या पंधरवड्यातच मरळ आणि पाणकावळे संपवतात.

आंध्रात कोल्लेरूच्या भागात यावर तोड काढलेली आहे. बीज लहान तळ्यांत दाटीने ठेवायचं, खाद्य बेताचं द्यायचं, आणि वर्षभर त्याला जगवायचं पण वाढू द्यायचं नाही. पुढच्या पावसाळ्यात ही वर्षाची, अंगाने लहान राहिलेली बोटुकली मोठ्या तळ्यात सोडून पोटभर खायला घातली की ती झपाट्याने वाढते. शेतकऱ्यांनी हे अनुभवातून बसवलं. आपल्या संस्थेने यंदा दोन संगोपन तळी अशा थांबवलेल्या बोटुकलीसाठी राखून ठेवली आहेत. संगोपनाला बीज सहसा हेक्टरी २ ते ३ लाख सोडतात. इथे त्याहून दाट राहील.

संस्थेच्या अध्यक्ष काकांना हे पटलेलं आहे, पण मनापासून नाही. "उपाशी ठेवला तर मासा वाढन कसा जी, मॅडम? उपाशी मासा खुरटते, हे तर आमच्या आज्यालेही माहीत होतं."

त्यांना आज दोन वाक्यांत उत्तर दिलं. प्रश्न मात्र दोन वाक्यांत मावणारा नाही.

६ ऑगस्ट

बीज भरायचा दिवस. हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत, ठेवलेल्या बीजाला कालपासून खाद्य नाही, म्हणजे आतडी रिकामी होतात. भरल्या पोटाने पिशवीत घातलं तर विष्ठेने पाणी खराब होतं, अमोनिया वाढतो, आणि वर कितीही ऑक्सिजन भरला तरी बीज वाटेत मरतं. एवढ्या थोड्या उपासाने वाढीवर परिणाम होत नाही. आतडी रिकामी व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात शरीर आपला कारभार बदलत नाही.

२३ ऑगस्ट

पावसामुळे घराबाहेर पडता आलं नाही. काकांच्या प्रश्नाचं उत्तर आज नीट मांडून ठेवते.

येल विद्यापीठात ग्रेस पिकफर्ड यांनी किलिफिश या लहान माशांची पीयूषिका काढून टाकली. मासे जगले, पण त्यांची वाढ थांबली. वाढीचं संप्रेरक टोचल्यावर ती पुन्हा सुरू झाली. वीतभर लांबीच्याही नसलेल्या माशाच्या कवटीतून ही ग्रंथी काढून त्याला जिवंत ठेवायचं म्हणजे हाताला केवढी स्थिरता हवी, हे जुलैत मेलेल्या रोहूचं डोकं कापताना मला पुन्हा जाणवलं. पिकफर्ड आणि जेम्स ॲट्झ यांचा माशांच्या पीयूषिकेवरचा जाडजूड ग्रंथ १९५७ चा, म्हणजे अंगुलच्या प्रयोगाच्याच वर्षाचा. आणि त्याच वर्षी अमेरिकेत सॅल्मन आणि डॉडे यांनी उंदराच्या कूर्चेवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. पीयूषिका काढलेल्या उंदराची कूर्चा बशीत ठेवून तिच्यावर वाढीचं संप्रेरक थेट घातलं तर फारसं काही घडत नाही. पण ज्या उंदराला आधी ते संप्रेरक टोचलेलं आहे त्याच्या रक्तातला द्रव घातला तर कूर्चा वाढीचं काम सुरू करते. म्हणजे मध्ये कुणीतरी तिसरा आहे.

तो तिसरा म्हणजे आज ज्याला आयजीएफ-१ म्हणतात तो घटक. इन्सुलिनशी त्याची रचना जुळते. माशांतही साखळी हीच आहे: पीयूषिकेतून वाढीचं संप्रेरक रक्तात येतं, यकृताच्या पेशींवरच्या ग्राहींना चिकटतं, यकृत आयजीएफ-१ बनवून रक्तात सोडतं, आणि स्नायू व हाडं त्याच्या सांगण्यावरून वाढतात. रक्तात आयजीएफ-१ पुरेसं झालं की पीयूषिकेला उलट निरोप जातो: आता थांब.

मग मासा उपाशी राहिला की काय होईल? कुणालाही वाटेल की वाढीचं संप्रेरक कमी होत असेल. होतं नेमकं उलट. इंद्रधनुषी ट्राउटला उपाशी ठेवून सम्प्टर आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली रक्त तपासलं, तर वाढ थांबलेली आणि वाढीचं संप्रेरक चढलेलं. कोहो सॅल्मन, तिलापिया, सी-ब्रीम अशा कितीतरी जातींत पुढे हेच दिसलं. संप्रेरक चढतं आणि आयजीएफ-१ उतरतं.

याचं कारण यकृतात आहे. अन्न येईनासं झालं की इन्सुलिन उतरतं, यकृत ग्राही कमी करतं, आणि पीयूषिकेचा हुकूम दारापर्यंत येऊनही आत घेतला जात नाही. आयजीएफ-१ बनत नाही म्हणून 'थांब' हा उलट निरोपही जात नाही, म्हणून पीयूषिका आणखी संप्रेरक सोडत राहते. आणि ते वाया जात नाही, ही या सगळ्यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट. वाढीच्या कामावरून मोकळं झालेलं तेच संप्रेरक साठवलेली चरबी मोडायला लावतं. भरल्या पोटी जे अंग वाढवतं, तेच रिकाम्या पोटी साठ्यावर जगवतं. कुठलं काम करायचं ते अन्न ठरवतं, आणि अन्नाचा निर्णय अमलात आणतं यकृत.

१२ सप्टेंबर

काल काकांना उपाशी माशाच्या यकृताचं हे सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं: "मंग खुरटलेल्या माशाच्या अंगात औषध आहेच, फक्त लागू होत नाही?" इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नसतं.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कोहो सॅल्मनच्या शेतीत हा प्रश्न फार आधी आला होता. गोड्या पाण्यातली पिल्लं समुद्रातल्या जाळ्यांत चुकीच्या वेळी नेली की काही पिल्लं मरत नसत, पण खुरटून राहत. बाकीची शेजारी चौपट-पाचपट होत असताना ती तेवढीच. या पिल्लांच्या रक्तात वाढीचं संप्रेरक भरपूर होतं. १९९० साली बर्कलीत हॉवर्ड बर्न यांच्या गटाने त्यांचं यकृत तपासलं, तर वाढीचं संप्रेरक पकडून ठेवायची त्याची ताकद घटलेली आढळली.

त्यानंतर एक उपयोगाची गोष्ट झाली. सिॲटलकडच्या मत्स्यशास्त्रज्ञांनी समुद्रात पकडलेल्या सॅल्मनच्या पिल्लांच्या रक्तातलं आयजीएफ-१ मोजायला सुरुवात केली. पिल्लू गेल्या काही दिवसांत किती वेगाने वाढत होतं याचा अंदाज त्यावरून येतो, आणि त्या वर्षी समुद्रात त्यांना पोटभर मिळतंय का हेही कळतं. एकदा तोललेल्या माशाचं वजन फक्त आजवरची बेरीज सांगतं. रक्त आत्ताची चाल सांगतं. आपल्याकडच्या जलाशयांत दरवर्षी लाखो बोटुकली सोडली जाते आणि पुढे तिचं काय झालं याची नोंद 'सोडली' या एका शब्दावर संपते. तिथे अशी मोजणी झाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

१९ ऑक्टोबर

संगोपन तळ्यात शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा, समभाग. तोही रोज नाही. पिशवीला भोकं पाडून बांबूला बांधतात, मासे येऊन चोखून खातात. आज पिशवी लावायच्या आधीच पोरांच्या चाहुलीने बोटुकली बांबूभोवती जमली होती.

भूक डोक्यापर्यंत कशी पोचते, त्यावर आज वर्गात बोलले. १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांना उंदराच्या जठरात घ्रेलिन सापडलं. ते शोधत होते वाढीचं संप्रेरक सोडायला लावणारा पदार्थ, आणि तो निघाला पोटात. पोट रिकामं असताना तो वाढतो आणि भूकही लावतो. रोहू, कटला, मृगळ आणि त्यांच्याच कुळातला गोल्डफिश, या माशांना तर जठरच नसतं, घशातून सरळ आतडं. तरीही गोल्डफिशमध्ये २००२ साली घ्रेलिन सापडलं. तिथे ते आतड्यात बनतं आणि काम तेच करतं.

गुंता इथेच आहे. पोट भरल्यावर आतड्यातून सुटणारं कोलेसिस्टोकायनिन गोल्डफिशची भूक घालवतं आणि तेही वाढीचं संप्रेरक सोडायला लावतं. म्हणजे भुकेचा दूत आणि तृप्तीचा दूत दोघेही एकाच दारावर थाप देतात. एका मुलीने विचारलं, मग ग्रंथीला कळतं कसं की मासा उपाशी आहे की जेवलेला? माझं उत्तर असं की एकट्या ग्रंथीला ते कळावं लागत नाही. जेवलेल्या माशाचं यकृत तयार असतं, उपाशी माशाचं नसतं. पीयूषिकेतून निघालेल्या एकाच संप्रेरकाला दोन्हीकडे वेगवेगळं काम मिळतं. शिवाय मेंदूकडून येणारं सोमॅटोस्टॅटिन हे लगाम ओढणारं रसायन आहेच. माणसाच्या शरीरात मेंदूची अशी रसायनं छोट्या रक्तवाहिन्यांतून पीयूषिकेपर्यंत येतात. हाडाच्या माशांत चेतातंतू थेट ग्रंथीत शिरून संपतात. म्हणून मेंदूकडून आलेला निरोप कुठल्या तंतूने कुठल्या पेशीपाशी आणला हे माशाच्या ग्रंथीत प्रत्यक्ष पाहता येतं. माशांवरचं हे संशोधन मला कायम ओढून घेतं ते त्यासाठी.

३ जानेवारी

थंडी कडक. बोटुकली तळाशी, पिशवीकडे कुणी फिरकत नाही. खाद्य बंदच केलं. थंड पाण्यात कार्पची भूक मंदावते आणि शरीराचा खर्चही, त्यामुळे या दिवसांतला उपास उन्हाळ्यातल्या उपासाइतका झिजवत नाही.

उपासाची मोठी उदाहरणं समुद्रात आहेत. युरोपातली वाम अंडी घालायला सरगासो समुद्राकडे निघते, ५,००० किलोमीटरहून लांब, आणि वाटेत काही खात नाही. तिचं आतडं आक्रसून जातं. पॅसिफिक सॅल्मन नदीत शिरल्यावर खाणं सोडतो, प्रवाहाविरुद्ध चढतो, अंडी घालतो आणि मरतो. अंगातली चरबी कधी आणि किती मोडायची याचा हिशेब इतका नेमका नसता तर हे मासे वाटेतच संपले असते.

याच्या दुसऱ्या टोकाला माणसाने बनवलेला सॅल्मन आहे. अटलांटिक सॅल्मनमध्ये चिनूक सॅल्मनचं वाढीच्या संप्रेरकाचं जनुक घातलं, आणि त्याला चालू-बंद करणारी कळ घेतली ओशन पाउट या थंड पाण्यातल्या माशाकडून, त्यामुळे ते वर्षभर चालू राहतं. २०१५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तो खाण्यासाठी मान्य केला. मला ती वाट आपल्या तळ्यांसाठी नको आहे. संप्रेरक वाढवलं की भूक वाढते, आणि खाद्य तर विकतचं. माशाच्या शेतीत निम्म्याहून अधिक खर्च खाद्याचाच असतो. शिवाय हे संप्रेरक वागणूकही बदलतं. स्वीडनमध्ये ट्राउटला ते टोचून पाहिलं, तर ते ट्राउट धोका असतानाही पृष्ठभागाकडे जास्त येऊ लागले. उपाशी बोटुकलीच्या अंगातही ते चढलेलं असतं आणि तीही पाण्यावर येते. म्हणून दोन्ही तळ्यांवर दोऱ्या ताणून घ्यायला सांगितल्या. बगळ्यांसाठी आपण एवढे महिने बोटुकली पोसलेली नाही.

१४ एप्रिल

एका तळ्याचं पाणी फार उतरलंय. जाळं टाकून बोटुकली पाहिली. बऱ्याच ठीक आहेत, पण काहींचं डोकं मोठं आणि अंग बारीक, पाठीची धार हाताला लागते. हे बरं लक्षण नाही. त्यांची चरबी संपून स्नायू मोडायला लागले आहेत. रक्तात वाढीचं संप्रेरक त्यांच्याही भरपूर असणार, पण मोडायला चरबीच उरली नाही तर ते काय करील?

थांबवणं आणि उपाशी मारणं यांतली रेघ इथे आहे. आंध्रातली पद्धत ऐकून कुणी खाद्य पार बंद केलं तर त्याच्या हाती पुढच्या पावसाळ्यात काही लागणार नाही. दाटीचाही ताण असतो. ताणात कॉर्टिसॉल चढतं, ते भूक मारतं आणि यकृताचं काम आणखी अडवतं. त्या तळ्यातली निम्मी बोटुकली दुसऱ्या तळ्यात हलवली, आणि दोन्हीकडे रोज थोडं खाद्य सुरू करायला लावलं. काकांनी खर्चाचं काही काढलं नाही. त्यांनीही पाठीवरून बोट फिरवून पाहिलं होतं.

२६ जुलै

तलाव भरला. सकाळपासून बोटुकली सोडणं चाललंय. गेल्या वर्षी याच घाटावरून नखाएवढं बीज गेलं होतं. आज गेली ती हाताच्या पंजात मावत नव्हती. मरळ तिच्या वाटेला जाणार नाही.

आता पोटभर खाद्य. अन्न मिळू लागल्यावर काय घडतं त्याचाही क्रम आहे. वाढीचं संप्रेरक लवकर उतरतं. यकृतावरचे ग्राही पुन्हा उभे राहतात आणि त्यामागून आयजीएफ-१ चढतं. भूक मात्र पहिल्या दिवसापासून दांडगी असते. सारख्याच वजनाच्या, कधी उपाशी न राहिलेल्या माशापेक्षा हा मासा जास्त खातो. म्हणून पहिल्या आठवड्यात खाद्य हळूहळू वाढवायचं. एकदम ओतलं तर उरलेली पेंड तळाशी कुजते.

२८ सप्टेंबर

नमुन्याला जाळं ओढलं. वाढ दिसते आहे आणि चांगली दिसते आहे. कटला तर ओळखू येईना. पण सगळे सारखे नाहीत, काही रोहू मागे पडले आहेत, आणि ते कोणते हे एप्रिलमध्येच दिसलं होतं.

मिसुरीतले हेवर्ड आणि सहकारी यांनी १९९७ साली संकरित सनफिशवर जो प्रयोग केला त्याचा फार बोलबाला झाला. खाडा आणि भरपेट अशी पाळी ठेवून त्यांनी माशांची वाढ रोज खाणाऱ्यांच्या दुप्पट करून दाखवली. मासे एकेकटे ठेवलेले होते. २००० साली त्यांनीच मासे गटाने ठेवून पाहिले, आणि तो लाभ हाती आला नाही. गटात दांडगे मासे आधी खातात, आणि दुबळ्याचा उपास खाद्य पडत असतानाही सुटत नाही. त्याचं यकृत अजून उपाशीच असतं. पहिला प्रयोग सगळे सांगतात. तळ्यावर काम करणाऱ्याने दुसरा आधी वाचावा.

काकांशी बसून पुढच्या वर्षीचं ठरवलं. थांबवण्याच्या तळ्यांत दर महिन्याला जाळं ओढायचं आणि बोटुकली मापाने वेगळी करायची, लहान लहानांत, मोठी मोठ्यांत. खाद्याच्या पिशव्या एकाच बांबूला न बांधता तळ्याच्या चारी बाजूंना बांधायच्या, म्हणजे मागच्यांनाही जागा मिळेल. खाद्य किती हे माशाची पाठ पाहून ठरवायचं, ठरलेल्या पोत्यांवरून नाही. आणि संस्थेला तिसरं संगोपन तळं हवं. त्याचा अर्ज काका उद्या भंडाऱ्याला घेऊन जातील. अर्जाला वाढीचे आकडे जोडायचे म्हणून पोरांनी आज एकेक मासा तोलून वहीत उतरवला, मागे पडलेल्या रोहूंसकट.